एलएमआयए मंजूर झाली म्हणतात, पण ती मंजुरी कुणाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा धाकटा भाऊ 27 वर्षांचा, आयटीआय वेल्डर, शिरोली एमआयडीसीत सहा वर्षं फॅब्रिकेशनचं काम करतोय. एका एजंटानं त्याच्यासाठी कॅनडातल्या ब्रॅम्प्टनची ऑफर आणलीय: ताशी 19 डॉलर, तीन वर्षांचा करार. ‘एलएमआयए (बाहेरून कामगार आणायची तिथली मंजुरी) आहे, सरकारी कागद आहे, पीआरचे, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचे, पॉइंटही मिळतात’ असं सांगून तो 14 लाख मागतोय, त्यातले चार लाख याच महिन्यात. वडील वीस गुंठे रान गहाण टाकायला निघालेत. आणि तुम्ही विचारताय, एलएमआयए खरी की खोटी हे ओळखायचं कसं?

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. मी कोल्हापूरचाच. ऑन्टारियोत, म्हणजे ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे तिथेच, साधारण साठ माणसांच्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात नऊ वर्षं होतो. भरती, पगारपत्रकं आणि शेवटची पाच वर्षं एलएमआयएचे अर्ज माझ्याच टेबलावर असायचे. मी वकील नाही, परवानाधारक सल्लागारही नाही. पण मालकाच्या बाजूला बसून हा कागद काढलेला माणूस आहे, आणि तुमच्या प्रश्नाला तीच बाजू लागणार आहे.

कारण तुमचा प्रश्न एक पायरी पुढून सुरू होतोय. एलएमआयए खरी निघाली तर 14 लाख द्यायला हरकत नाही, असं तुम्ही मनात धरून चाललाय. हरकत तेव्हाही आहे. किंबहुना खऱ्या एलएमआयएवर तुमच्याकडून असे पैसे घेणं हाच तिथे गुन्हा आहे.

एलएमआयए म्हणजे लेबर मार्केट इम्पॅक्ट असेसमेंट. ‘मला हवा तो कामगार इथे मिळत नाही, बाहेरून आणू का?’ असं मालकानं तिथल्या केंद्र सरकारच्या रोजगार खात्याला विचारायचं आणि खात्यानं तपासून उत्तर द्यायचं. अर्ज सर्व्हिस कॅनडाकडे, म्हणजे त्या खात्याच्याच कार्यालयाकडे जातो. बाहेरचा माणूस आणल्यानं तिथल्या कामगारांच्या पोटावर पाय येतो का, पगार पडतात का, कारखान्यात संप चालू आहे का, मालकानं स्थानिक माणूस शोधण्याचा खरा प्रयत्न केला का, हे सगळं ते बघतात. पटलं तर होकार. म्हणजे मंजुरी मालकाला मिळते. तुमचा भाऊ या अर्जात फार तर एक नाव असतो, आणि कित्येकदा तेही नसतं, कारण नाव न घालता नुसत्या जागांसाठीही अर्ज करता येतो. ‘आमच्याकडं अजून चार जागा शिल्लक आहेत’ हे एजंटांचं पालुपद इथूनच आलंय. भावाचा कागद वेगळा. तो म्हणजे वर्क परमिट. ते देणारं खातं वेगळं आणि तिथे अर्जही वेगळा करावा लागतो.

आता मालकाला यासाठी काय काय करावं लागतं ते जरा तपशिलात सांगतो. हे एकदा कळलं की एजंटाचं निम्मं बोलणं आपोआप गळून पडतं.

आधी जाहिरात. सरकारच्या जॉब बँक या पोर्टलवर, आणि शिवाय आणखी किमान दोन ठिकाणी. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत सलग चार आठवडे जाहिरात चाललेली असली पाहिजे, आणि त्यातली एक तरी निकाल लागेपर्यंत चालूच ठेवायची. पोर्टल स्वतःहून जुळणारे स्थानिक उमेदवार दाखवतं आणि त्यांना तारे देतं. कमी पगाराच्या जागेला दोन तारे किंवा जास्त, जास्त पगाराच्या जागेला चार तारे किंवा जास्त असलेल्या प्रत्येकाला मालकानं अर्ज करायला बोलवायचं. जे आले त्यांना का घेतलं नाही, हे माणसागणिक लिहून ठेवायचं. आमच्याकडे एकदा वेल्डरच्या दोन जागांना चाळीसच्या वर अर्ज आले होते. त्यातले बरेच जण वेल्डिंगशी काडीचा संबंध नसलेले, पण प्रत्येकापुढे कारण लिहावं लागलं. ही कागदपत्रं सहा वर्षं जपून ठेवायची, कारण तपासणीला कुणी कधीही येऊ शकतं.

मग पगार. इथे आम्ही एकदा तोंडावर आपटलोय. 2022 साली तीन वेल्डरसाठी अर्ज केला, ताशी 26 डॉलर दाखवले. त्या भागातल्या मध्यम दराला ते धरून होते, त्यामुळे मी निर्धास्त. अधिकाऱ्यानं फोनवर एवढंच विचारलं, ‘तुमच्याकडे आत्ता असलेल्या वेल्डरना काय देता?’ देत होतो 29. तितकाच अनुभव मागून बाहेरच्याला तीन डॉलर कमी, म्हणजे स्थानिकाचा भाव पाडणं. अर्ज फेटाळला. नियमच तसा आहे: पोर्टलवरचा त्या भागातला मध्यम दर, किंवा तुमच्याच कारखान्यात त्या कामाला त्या अनुभवाला मिळतो तो दर, यांतला जो जास्त असेल तो द्यायचा. फी जागेमागे 1,000 डॉलर, आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. आमचे 3,000 डॉलर गेले. मालक आठवडाभर माझ्याशी नीट बोलत नव्हता, आणि चूक माझीच होती.

त्यानंतर धंदा खरा आहे याचे पुरावे: कर भरल्याची, पगार दिल्याची कागदपत्रं. पूर्वी वकिलाचं किंवा अकाउंटंटचं पत्र चालायचं, 2024 च्या ऑक्टोबरअखेरपासून तेही बंद झालं.

आता पैसा. ती 1,000 डॉलरची फी मालकानंच भरायची, कामगाराकडून ती वसूल करायला थेट मनाई आहे. डॉलर 62 रुपये धरला तर ही रक्कम 62 हजार होते. 14 लाख कुठले मग? 2022 च्या सप्टेंबरपासून केंद्राच्या नियमात स्पष्ट आहे की मालकानं भरतीचा कसलाही खर्च कामगारावर टाकायचा नाही, आणि मधल्या दलालानंही तो टाकू नये ही जबाबदारीसुद्धा मालकाचीच. ऑन्टारियोचा स्वतःचा 2009 चा कायदा आहे, जो 2015 पासून सगळ्याच तात्पुरत्या परदेशी कामगारांना लागू झाला. त्यातही दलालानं कामगाराकडून एक डॉलर घेणं बेकायदा आहे, आणि कामगाराचा पासपोर्ट मालकानं ठेवून घेणंही. नियम मोडला तर एका चुकीला 1 लाख डॉलरपर्यंत, वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत दंड, शिवाय पुढची काही वर्षं किंवा कायमची बंदी. अशा मालकांची नावं सरकार जाहीरही करतं.

आपल्याकडच्या ऊसतोडीशी ताडून बघा. कारखान्याला माणूस हवा असतो, म्हणून मुकादम बीडकडं जाऊन टोळीला आधी उचल देतो. ती पद्धत चांगली असं मी म्हणत नाही, त्या उचलीपायी माणसं कशी अडकतात ते आपण हंगामात डोळ्यांनी बघतो. पण निदान पैसा ज्याला गरज आहे त्याच्याकडून निघतो. तुमच्या एजंटाच्या गोष्टीत कॅनडातल्या मालकाला माणसाची इतकी गरज आहे की त्यानं सरकारकडून परवानगी काढली, आणि उचल मात्र कामगारच देतोय. ही उलटी उचल दिसली की मी पुढचे कागद बघायच्या आधीच सावध होतो.

तरी कागद बघू. तुम्ही पाठवलेल्या ऑफर लेटरच्या फोटोत तीन गोष्टी आहेत: 19 डॉलर, तीन वर्षं आणि ब्रॅम्प्टन. या तिन्ही एकाच कागदावर नांदू शकत नाहीत.

19 डॉलर घ्या. जास्त पगाराची आणि कमी पगाराची जागा अशा दोन वाटा आहेत आणि त्यांचे नियम वेगळे आहेत. त्यांच्यामधली रेषा 2024 च्या नोव्हेंबरपासून प्रांताच्या मध्यम वेतनाच्या 20 टक्के वर नेली. ऑन्टारियोत ती तेव्हा 34.07 डॉलर झाली आणि 2025 च्या जूनअखेरीस 36. म्हणजे 19 तर सोडाच, 28-30 डॉलर देणारा खरा मालकसुद्धा आता कमी पगाराच्या वाटेत मोडतो. आणि कमी पगाराच्या वाटेत 2024 च्या सप्टेंबरअखेरपासून मुदत फार तर एक वर्ष. मग तीन वर्षांचा करार आला कुठून? जास्त पगाराच्या वाटेत तीन वर्षांपर्यंत मिळू शकतात, पण तिथे 19 डॉलर बसत नाहीत. शिवाय सहा वर्षं अनुभवाच्या वेल्डरला 19 हा दर ऑन्टारियोतल्या मध्यम दराच्या बराच खाली आहे. आमचा 26 चा अर्ज फेटाळला गेला होता हे लक्षात घ्या.

ब्रॅम्प्टन हा टोरांटो महानगर क्षेत्राचा भाग. ज्या महानगर क्षेत्रात बेकारी 6 टक्के किंवा जास्त, तिथले कमी पगाराचे अर्ज खातं हातातच घेत नाही. शेती, अन्नप्रक्रिया, बांधकाम, आरोग्यसेवा अशा मोजक्या क्षेत्रांना सूट आहे, फॅब्रिकेशन शॉपला नाही. ही यादी दर तिमाहीला बदलते, पण 2024 च्या सप्टेंबरात नियम आला तेव्हा टोरांटो तिच्यात होतं आणि 2025 मध्येही राहिलं. त्यामुळे अलीकडे निघालेली, ब्रॅम्प्टनच्या फॅब्रिकेशन शॉपसाठी 19 डॉलरची एलएमआयए मला तरी पटत नाही. जुनी असेल म्हणावं, तर 2024 च्या मे महिन्यापासून निघालेल्या एलएमआयएची वैधता सहा महिन्यांची आहे. तेवढ्यात परमिटचा अर्ज गेला नाही तर तिची किंमत रद्दीची.

राहता राहिले पीआरचे पॉइंट. नोकरीच्या ऑफरला एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरसाठी पॉइंट मोजून निवडायच्या पद्धतीत, मिळणारे 50 किंवा 200 पॉइंट 25 मार्च 2025 पासून काढून टाकले. खोट्या एलएमआयएंचा बाजार त्या पॉइंटांवरच फोफावला होता, म्हणून तर ते काढले. हे अजून कुणी विकत असेल, तर त्याला माहीत नाही किंवा माहीत असून सांगत नाही. मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

हिशोबही करून बघा, कारण घरात वडिलांना समजावताना नियमांपेक्षा हा उपयोगी पडेल. ताशी 19, आठवड्याला 40 तास, वर्षाचे 52 आठवडे म्हणजे 39,520 डॉलर, तेही कर कापायच्या आधी. 14 लाख म्हणजे जवळपास 22,500 डॉलर. वर्षाच्या ढोबळ कमाईतला निम्म्याहून जास्त वाटा एजंटाला, उरलेल्यात कर, खोलीचं भाडं, जेवण आणि रानावरच्या कर्जाचं व्याज. परमिट खरंच मिळालं तरी ते या पगाराला वर्षभराचंच असणार.

आता परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टी सांगतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल आमच्या मेहुण्याचं तर झालं. होतंही. महानगर क्षेत्राबाहेरच्या छोट्या गावांत वर्कशॉपना खरोखर माणसं मिळत नाहीत, आणि तिथे कमी पगाराचे अर्जही चालतात. फक्त एकूण कामगारांच्या 10 टक्क्यांची मर्यादा असते, म्हणजे चाळीस माणसांच्या शॉपला चार. त्या वाटेत मालकाला जाण्यायेण्याचं भाडं द्यावं लागतं, परवडेल अशा घराची सोय बघावी लागते, आणि प्रांताचा आरोग्य विमा लागू होईपर्यंत खासगी विमा काढावा लागतो. हे सगळं लेखी करारात असतं. तुमच्या फोटोतल्या पत्रात विमानाच्या भाड्याचा उल्लेखच नाही. क्वेबेकचे नियम अजून वेगळे, तिथे प्रांताचीही मंजुरी लागते. अल्बर्टात वेल्डरला प्रांताचा परवाना सक्तीचा आहे. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी 2017 पासून एक जलद वाट आहे, तिथे जाहिरातीची अटच नाही. आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली एखादी कंपनी आपल्याच कॅनडातल्या शाखेत माणूस पाठवत असेल, तर एलएमआयए लागतच नाही. मालक परमिट देणाऱ्या खात्याच्या पोर्टलवर ऑफर टाकतो, 230 डॉलर फी भरतो आणि पुढची पायरी सुरू होते. त्यामुळे कुणाचं कसं झालं हे विचारताना कोणत्या वाटेनं झालं हे आधी विचारावं.

एलएमआयए खरी असली तरी दुसरं दार राहतंच. वर्क परमिट देणारा अधिकारी भावाचा अनुभव, कामापुरतं इंग्रजी आणि मुदत संपल्यावर तो परत येईल का, हे स्वतंत्रपणे बघतो. इथे नकार भरपूर येतात. सरकारी खर्च मात्र किरकोळ आहे: परमिटची फी 155 डॉलर, बोटांचे ठसे आणि फोटो 85, मिळून पंधरा हजार रुपयांच्या आसपास. ठशांसाठी पुण्याला किंवा मुंबईला जावं लागतं. वैद्यकीय तपासणी लागली तर तिचे वेगळे. परमिटचा अर्ज भरून देण्यासाठी तिथला परवानाधारक सल्लागार किंवा वकील फी घेऊ शकतो, त्यात गैर काही नाही. पण ती अर्ज भरण्याची फी, नोकरी मिळवून देण्याची नव्हे. सल्लागाराचं नाव त्यांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या (तिला तिथे कॉलेज म्हणतात) जाहीर नोंदवहीत शोधता येतं.

एक गोष्ट भावाला स्वतः सांगा. अर्ज एजंटानं भरला तरी सही भावाची. खोटं अनुभवपत्र किंवा खोटी एलएमआयए लावल्याचं निघालं तर कॅनडाची दारं पाच वर्षं बंद, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर सहसा चालत नाही. शिरोलीत अनुभवपत्रं किती सहज मिळतात हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. सहा वर्षं खरी आहेत ना, मग त्याची आठ करू देऊ नका.

आपल्या देशातही कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. त्यांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर आहे. नोंदणीकृत एजंटालाही सेवाशुल्क 30 हजार रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे आपला कायदा 30 हजारांवर थांबतो, कॅनडाचा शून्यावर. 14 लाख दोन्हींत बसत नाहीत. ‘कॅनडाला एमिग्रेशन क्लिअरन्स (कामासाठी देश सोडण्याआधीची आपल्या सरकारची परवानगी) लागत नाही, म्हणून आम्हाला नोंदणी लागत नाही’ असं एजंट सांगतात. क्लिअरन्सची अट 18 देशांपुरती आणि दहावी न झालेल्यांसाठी आहे, हे खरं. नोंदणीची अट मात्र देश बघत नाही.

मग उद्या काय करायचं? एजंटाशी भांडू नका. शांतपणे मालकाला आलेल्या एलएमआयएच्या पत्राची प्रत आणि त्यासोबतचं, कामगाराला द्यायचं परिशिष्ट मागा. त्यावर मालकाचं नाव, कामाचा पत्ता, पगार, हुद्द्याचा पाच आकडी कोड असतो. वेल्डरचा कोड 72106. त्याजागी 94101 दिसला तर ती फाउंड्री कामगाराची जागा आहे. ‘गोपनीय आहे, पैसे भरल्यावर देतो’ हे उत्तर आलं तर विषय संपला, कारण ही प्रत कामगाराला द्यावीच लागते, तिच्याशिवाय परमिटचा अर्जच होत नाही. मग मालकाचं नाव दोन याद्यांत शोधा: एलएमआयए मिळालेल्या मालकांची तिमाही यादी आणि दंड झालेल्यांची यादी, दोन्ही सरकार उघड ठेवतं. पहिल्या यादीत नाव उशिरा येऊ शकतं, त्यामुळे नसलं म्हणून लगेच खोटं ठरवू नका. दुसरीत असलं तर मात्र तिथेच थांबा. आणि मालकाशी व्हिडिओ कॉल मागा. आम्ही कधीही वेल्डिंग न बघता वेल्डर घेतला नाही. थ्री-जी, फोर-जी पोझिशनचा, म्हणजे उभ्या आणि डोक्यावरच्या वेल्डिंगचा, व्हिडिओ मागवायचो, बेंड टेस्टचे फोटो मागायचो, कुठली वायर, किती अँपिअर असं खोदून विचारायचो. तुमच्या भावाला आजवर वेल्डिंगबद्दल एकही प्रश्न कुणी विचारला नसेल, तर त्याच्या हातच्या कामाची तिकडे कुणाला गरज आहे असं दिसत नाही.

पैसे आधीच दिले असतील तर पावती, फोनवरचे मेसेज, बँकेचे व्यवहार एकत्र करा आणि आर्थिक गुन्हे शाखेत व मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या (परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचा सरकारी अधिकारी) कार्यालयात तक्रार द्या. रोख दिले असतील तर आजपासून एजंटाशी बोलणं लेखी करा, ‘अमुक तारखेला दिलेले अमुक’ असं मेसेजमध्ये त्याच्याकडून वदवून घ्या.

ऑफर लेटरचं दुसरं पान तुमच्या फोटोत खालून कापलं गेलंय, नेमकं जिथे मालकाची सही आणि धंद्याचा नोंदणी क्रमांक असतो तिथे. ते पूर्ण पान आणि असेल तर परिशिष्ट, भावाचा पासपोर्ट नंबर झाकून पाठवा. ते बघून पुढचं सांगतो. तोवर सात-बाऱ्यावर बोजा चढवू नका.